सुधारणेच्या नावाखाली

जुन्या व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकांना गेल्या काही वर्षांत पुन्हा भाव आला आहे, आणि भाव आलेल्या वस्तूच्या वाट्याला जे जे येते ते सर्व त्यांच्याही वाट्याला आले आहे. माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला तो जड लोखंडी ठोकळा खाली उतरतो, त्यावरची धूळ झटकली जाते, आणि लगेच त्याच्याभोवती दोन पक्ष उभे राहतात. एक पक्ष म्हणतो, ‘हे आहे तसेच ठेवा, ह्यातला एक जरी मूळ भाग काढलात तरी त्यातला जीव गेला.’ दुसरा म्हणतो, ‘ह्यातले अमुक काढा, तमुक घाला, मग पाहा आवाज कसा खुलतो.’ आमच्या मते हे दोन्ही पक्ष त्या यंत्राचे अहितकर्तेच आहेत. त्यांतही दुसऱ्याचे भय अधिक. कारण पहिला निदान हात जोडून दूर उभा असतो, दुसरा तापलेले सोल्डरिंग घेऊनच येतो.

ही चर्चा एका वाङ्मयीन मासिकाच्या पानांत कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण बदलीच्या नोकरीतले आहेत. एका सरकारी निवासातून दुसऱ्यात जाताना कपाटे आणि पलंग मागे राहतात, परंतु वडिलांच्या वेळचा रेडिओग्राम आणि तबकड्यांची पेटी ट्रकमध्ये चढल्यावाचून राहत नाही. अब्दुल करीमखाँ आणि बालगंधर्व ह्यांचे सूर परमुलखात ज्या यंत्रांनी घराघरांतून जागते ठेवले त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न आम्हांस परका वाटत नाही. यंत्र बिघडले की ते एक तर अनोळखी शहरातल्या अनोळखी कारागिराच्या हवाली करावे लागते, किंवा स्वतः उघडावे लागते. मग हात कोठवर घालावा आणि कोठे आवरावा, हे ठरविणे आलेच.

पहिल्या पक्षाचा समाचार थोडक्यात घेता येईल. घरच्या हाताचा स्पर्श ह्या यंत्रांना विटाळ वाटतो असे समजणाऱ्यांना त्यांचा इतिहास ठाऊक नसतो. डी. टी. एन. विल्यमसन ह्यांनी आपल्या प्रसिद्ध ध्वनिवर्धकाचा आराखडा १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ ह्या इंग्रजी मासिकातून प्रसिद्ध केला तो वाचकांनी घरी बांधावा म्हणूनच. व्हॉल्व्ह बनविणाऱ्या मुलार्ड कंपनीने पुढच्या दशकात ‘पाच-दहा’ नावाचा, म्हणजे पाच व्हॉल्व्हांचा आणि दहा वॉटचा, आराखडा असाच हौशी लोकांच्या हाती दिला. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या डायनाको कंपनीने १९५९ साली ‘स्टिरिओ ७०’ काढला. तो सुट्या भागांच्या रूपात मिळे. छापील सर्किटचे बोर्ड तेवढे आधी भरून येत, बाकीची जुळणी ग्राहकाने आपल्या जेवणाच्या टेबलावर बसून करावयाची. असे हजारो ध्वनिवर्धक गृहस्थांनी स्वतः झाळून तयार केले. ज्याचा जन्मच घरी झाला त्याला घरी उघडणे हा अनाचार कसा ठरतो?

शिवाय ‘मूळ भाग’ म्हणून ज्यांची पूजा चालते त्यांतले कित्येक जन्मतःच नाशवंत होते. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधला ओलावा वर्षानुवर्षे सुकत जातो. कागदी कंडेन्सर उलट हवेतला ओलावा पितो, आणि मुंबई-कोलकात्याच्या हवेत तर यथेच्छ पितो. हे कळण्यासाठी एक उदाहरण नीट पाहणे बरे. इंग्लंडात हंटिंग्डन येथे पीटर वॉकर ह्यांच्या कारखान्यात १९५३ पासून तयार होऊ लागलेला ‘क्वाड टू’ हा पंधरा वॉटचा ध्वनिवर्धक घ्या. त्यात शेवटी केटी ६६ जातीचे दोन व्हॉल्व्ह आहेत, आणि दोघांच्या कॅथोडखाली मिळून १८० ओहमचा एकच रेझिस्टर आहे. नेहमीच्या चालीत त्या रेझिस्टरवर सुमारे २६ व्होल्ट पडतात. म्हणजे दोन्ही व्हॉल्व्हांतून मिळून सुमारे १४५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि तो चिमुकला रेझिस्टर एकटा पावणेचार वॉट उष्णता सोसतो. व्हॉल्व्ह अगोदरच आपल्या मर्यादेच्या फार आत नाहीत. आता प्रत्येक व्हॉल्व्हच्या ग्रिडपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर द्वारपालासारखा बसलेला असतो. मागच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा उच्च दाब त्याने अडवावा आणि केवळ संगीताचे आंदोलन पुढे सोडावे, एवढेच त्याचे काम. तो किंचित पाझरू लागला की ग्रिड धन बाजूला सरकते, व्हॉल्व्ह अधिक प्रवाह ओढू लागतो, रेझिस्टर काळवंडतो, आणि मुख्य ट्रान्सफॉर्मर आतल्या आत भाजत राहतो. बाहेर मात्र गाणे चालूच असते. गृहस्वामी आवाजातल्या ‘जुन्या ऊबेचे’ कौतुक करीत बसलेला असतो. ती ऊब कशाची आहे हे त्याला ट्रान्सफॉर्मरचा वास आल्यावर कळते.

त्या दोन पाझरत्या कंडेन्सरांचे मूल्य किरकोळ. ट्रान्सफॉर्मरचे तसे नाही. व्हॉल्व्ह, रेझिस्टर, कंडेन्सर ह्यांना पर्याय मिळतो. शेवटचा ट्रान्सफॉर्मर, ज्याची वेटोळी थरांत थर गुंतवून विशिष्ट क्रमाने घातलेली असतात, तोच त्या यंत्राची खरी ओळख आहे. क्वाडमध्ये तर त्याचे काही वेढे कॅथोडच्या वाटेत घातलेले आहेत आणि साऱ्या रचनेचे मर्म त्यात आहे. गाजलेल्या काही यंत्रांचे नवे ट्रान्सफॉर्मर आज विकत मिळतात. आपल्या घरच्या रेडिओग्रामसाठी ते कोण बनविणार? म्हणून कोणताही बदल करताना विचारावयाचा प्रश्न एकच: ह्याने ट्रान्सफॉर्मरचे आयुष्य वाढेल की घटेल? पहिल्या पक्षाची मूळ-भक्ती ह्या कसोटीस उतरत नाही. म्हणून त्याला येथेच निरोप देऊ.

दुसऱ्या पक्षाला इतक्या सहज निरोप देता येत नाही, कारण तो विद्वान असतो. त्याच्या तोंडी ‘अपग्रेड’ हा शब्द सदैव असतो, आणि हा शब्द ऐकला की चांगले शहाणे लोकही प्रश्न विचारावयाचे विसरतात. त्याची पहिली भेट म्हणजे मोठा व्हॉल्व्ह. केटी ६६ च्या जागी केटी ८८ बसतो, खाचा जुळतात, मग का बसवू नये? का ते पाहा. केटी ६६ चा हीटर १.२७ अँपिअर घेतो, केटी ८८ चा १.६. दोन व्हॉल्व्हांचे मिळून जवळजवळ दोन-तृतीयांश अँपिअरचे नवे ओझे त्या ट्रान्सफॉर्मरवर पडले, जो साठ-सत्तर वर्षे झाली तरी अजून तग धरून आहे. आणि त्या बदल्यात मिळाले काय? विजेचा दाब तोच, बाहेरचा ट्रान्सफॉर्मर तोच; तेव्हा मिळणारी शक्तीही जवळजवळ तीच. बैलगाडीला हत्ती जुंपला म्हणून रस्ता रुंद होत नाही.

दुसरी भेट सिलिकॉन डायोडची. डायनाकोच्या स्टिरिओ ७० मध्ये रेक्टिफायर म्हणून जीझेड ३४ हा व्हॉल्व्ह आहे. तो सावकाश तापतो, आणि तो तापेपर्यंत बाकीचेही तापून कामाला सज्ज झालेले असतात. त्याला काढून डायोड घातला की स्विच दाबताक्षणी पूर्ण दाब येतो. ट्रान्सफॉर्मरची उच्च दाबाची गुंडाळी प्रत्येक बाजूस ३६० व्होल्टची. तिचा कळस सुमारे ५१० व्होल्ट होतो. व्हॉल्व्ह थंड असल्यामुळे हा दाब खेचून खाली आणणारे कोणीच नसते, आणि ते सगळे ५१० व्होल्ट कंडेन्सरांच्या छातीवर बसतात. त्यात गावची वीज जरा चढती असली तर विचारावयासच नको. पण ‘आता बास किती घट्ट झाला!’ असे म्हणून सुधारक आपली पाठ थोपटून घेतो.

तिसरी भेट पहिल्या कंडेन्सरचा आकार वाढविण्याची. डायनाकोत तो ३० मायक्रोफॅरडचा होता. जीझेड ३४ ची बनविणाऱ्यांनीच सांगितलेली मर्यादा ६० ची आहे. ४० किंवा ५० घातलेत तर आमची तक्रार नाही. शंभर, दोनशे घालणारा मात्र रेक्टिफायरच्या प्रत्येक ठोक्यास प्रवाहाचे असे हबके देत असतो की एक दिवस त्या काचेच्या आत निळी वीज चमकते आणि प्रयोग संपतो.

परंतु ह्या पंथाचे खरे दैवत म्हणजे महाग कंडेन्सर. तेलात बुडविलेला, चांदीच्या वर्खाचा, बोटभर लांबीऐवजी वीतभर लांबीचा. त्याचे मूल्य फॅरडात तेच. रुपयांत मात्र कित्येक पट. साध्या, चांगल्या बनावटीच्या, ६३० व्होल्टच्या प्लास्टिक फिल्मच्या कंडेन्सरने पाझर थांबतो, आणि पाझर थांबविणे हेच येथे काम होते. त्यापुढचा खर्च हा दागिन्याचा खर्च आहे. दागिना करू नये असे आम्ही म्हणत नाही. त्याला औषध म्हणू नये.

आणि हा दागिना पुष्कळदा निरुपद्रवीही नसतो, कारण भक्त केवळ जात बदलून थांबत नाही, मापही वाढवितो. डायनाकोत ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि २,७०,००० ओहमचा ग्रिड-रेझिस्टर ह्यांची जोडी सेकंदाला सुमारे सहा आवर्तनांपाशी खालची सीमा घालते. मनुष्याचे कान साधारण वीसच्या खाली काही ऐकत नाहीत. तरी ०.१ च्या जागी ०.४७ घालून ती सीमा सव्वा आवर्तनापर्यंत नेण्यात धन्यता मानणारे आहेत. फीडबॅकवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकात अशी एकेक सीमा विचार करून दुसरीपासून दूर ठेवलेली असते. एक सरकविली की ती ट्रान्सफॉर्मरच्या सीमेशी जाऊन भिडते आणि सारे यंत्र डोलू लागते. एकही स्वर नसताना स्पीकरचा पडदा संथपणे आत-बाहेर होत राहतो. वरच्या टोकालाही हाच प्रकार. तेथे मूळ आराखडाकाराने घातलेला एखादा छोटा कंडेन्सर ‘आवाज दाबतो’ म्हणून कापला जातो, आणि यंत्र कानाला न कळणाऱ्या कंपनसंख्येवर रात्रंदिवस थरथरत राहते. हे ऑसिलोस्कोपवर दिसते, एरवी दिसत नाही. विल्यमसन ह्यांनी १९४७ साली ट्रान्सफॉर्मरविषयी एवढा कडक आग्रह धरला होता तो ह्याच कारणासाठी.

जाता जाता एक गोष्ट सुचवावीशी वाटते. ज्या तबकड्यांसाठी हा खटाटोप चालतो त्यांतल्या जुन्यांत जुन्या विद्युत-ध्वनिमुद्रणाच्या आधीच्या, म्हणजे १९२५ पूर्वीच्या आहेत, आणि त्यांवर चार-पाच हजार आवर्तनांपलीकडे फारसे काही कोरलेलेच नाही. त्या ऐकण्यासाठी लाख आवर्तनांपर्यंत सपाट जाणारा ध्वनिवर्धक हवा, असा हट्ट धरणारा रसिक आम्ही पाहिला आहे. गाणे कोणते होते, हे त्याला आठवत नव्हते.

ह्यावर सुधारकांचे ठरलेले उत्तर असे की, मोजमापे काही म्हणोत, आम्हांला फरक ऐकू येतो. आम्ही त्यांना खोटे म्हणत नाही. फरक ऐकू येत असेलही. एक स्थिती दुसरीपेक्षा किंचित मोठ्याने वाजत असली तरी तीच कानाला गोड लागते, हे ध्वनिशास्त्र्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे; आणि रविवारची दुपार खर्चून, बोटे भाजून, पैसे ओतून जे बसविले ते ऐकताना कान तटस्थ राहत नाहीत, हे ठाऊक होण्यासाठी तर शास्त्रज्ञही असावे लागत नाही. ज्याला खरेच पारख करावयाची आहे त्याने दोन्ही बाजूंचा आवाज मीटरने सारखा करून घ्यावा आणि बदलाबदली घरातल्या दुसऱ्या कोणाकडून, आपल्याला न सांगता, करवून घ्यावी. स्टिरिओ यंत्रात तर एका बाजूस महाग आणि दुसरीस साधा कंडेन्सर घालून, एकच मोनो तबकडी लावून, ही परीक्षा फुकटात होते. इतके सोपे असूनही ती देणारे थोडे, ह्याचे आम्हांस नवल वाटत नाही.

तर मग काहीच बदलू नये काय? असे आम्ही म्हटलेले नाही. पुष्कळ काही बदलावे, आणि निर्भयपणे बदलावे. मात्र बदलास कारण असावे आणि ते सांगता यावे. स्टिरिओ ७० मध्ये प्रत्येक बाजूच्या दोन ईएल ३४ व्हॉल्व्हांसाठी बायसचा एकच पेच आहे. १५.६ ओहमच्या रेझिस्टरवर १.५६ व्होल्ट दिसले की दोघांचे मिळून शंभर मिलिअँपिअर झाले, असे समजावयाचे. पण शंभर म्हणजे पन्नास-पन्नासच कशावरून? एक साठ ओढीत असेल आणि दुसरा चाळीस. प्रत्येकाच्या कॅथोडखाली स्वतंत्र दहा ओहमचा रेझिस्टर आणि स्वतंत्र पेच बसविणे ही खरीखुरी सुधारणा आहे. ती व्हॉल्व्हला वाचविते आणि ट्रान्सफॉर्मरलाही. त्याच यंत्रातला ७१९९ हा व्हॉल्व्ह दुर्मिळ झाल्यावर लोकांनी दुसऱ्या व्हॉल्व्हांसाठी निराळे बोर्ड केले. तेही रास्त, कारण व्हॉल्व्हच नसेल तर मूळ आराखडा भिंतीवर लावण्यापुरताच राहतो. बायसच्या पुरवठ्यातला जुना सेलेनियम रेक्टिफायर काढून तेथे साधा डायोड घालणे हे तर कर्तव्यच. सेलेनियम म्हातारे होऊन बायस घसरला की चारही व्हॉल्व्ह एकदम लाल होतात. क्वाडमधल्या त्या १८० ओहमच्या जागी सात किंवा दहा वॉटचा तारेचा रेझिस्टर घालावा. विजेची दोन-पिनी तार काढून तीन-पिनी घालावी, चासी अर्थला जोडावी, योग्य मापाचा फ्यूज असल्याची खात्री करावी. ह्यातले काहीही मित्रमंडळीत मिरविण्याजोगे नाही. म्हणूनच बहुधा ते शेवटी होते, किंवा होतच नाही.

स्वतः यंत्र उघडणाऱ्याने हे विसरू नये की डायनाकोसारख्या यंत्रात चारशेहून अधिक व्होल्ट खेळत असतात, आणि स्विच बंद करून तार उपटली तरी कंडेन्सरांत ते टिकून राहतात. काही हजार ओहमच्या, जरा दणकट रेझिस्टरमधून ते उतरवावेत, मीटर लावून शून्य पाहावे, आणि मगच बोट आत घालावे. चालू यंत्रात मोजमाप करताना एक हात खिशात ठेवण्याची जुन्या कारागिरांची चाल थट्टेची नाही. जुन्या ‘एसी-डीसी’ रेडिओंची चासी तर सरळ विजेच्या एका तारेला जोडलेली असते. त्यांना ट्रान्सफॉर्मर नसतो. ज्याला हे दोन प्रकार ओळखता येत नाहीत त्याने झाकण काढू नये, हे आम्ही कोणाचीही भीड न धरता सांगतो. दीर्घ काळ बंद असलेले यंत्र प्रथम सुरू करताना साठ किंवा शंभर वॉटच्या साध्या तारेच्या दिव्याशी सिरीजमध्ये जोडावे. आत कोठे शॉर्ट असेल तर दिवा प्रखर पेटेल आणि ट्रान्सफॉर्मर वाचेल.

बदलीच्या गावांत आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे तेथली वीज. आपल्याकडे घरगुती विजेचा ठरलेला दाब २३० व्होल्ट. प्रत्यक्षात मध्यरात्री कोठे तो २५० च्या वर जातो, कोठे उन्हाळ्याच्या संध्याकाळी २०० च्या खाली बसतो. क्वाडसारख्या इंग्रजी यंत्राला दाब निवडण्याची सोय असते. नव्या गावी पोहोचल्यावर दोन-चार वेळा मीटर लावून पाहावे आणि मग ती सोय वापरावी. मागच्या गावची खूण तशीच ठेवू नये. अमेरिकन यंत्राला तर दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर लागतोच, पण तेवढ्याने भागत नाही. यंत्राचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर केवळ साठ आवर्तनांच्या विजेसाठी बांधलेला असेल तर आपल्या पन्नास आवर्तनांवर तो अधिक तापतो. त्याला दाब थोडा कमीच द्यावा. पाच-सहा टक्के दाब उतरविण्याइतकी स्वस्त आणि गुणकारी ‘सुधारणा’ दुसरी नाही. तिचा प्रचार कोणी करीत नाही, कारण तीत विकावयास काही नाही.

आता कारागिरांविषयी. आमच्या परिचयाच्या एका घरचा रेडिओग्राम एका मोठ्या शहरात दुरुस्तीस दिला होता. तो परत आला तेव्हा लाकडी पेटी पॉलिश करून लखलखीत, बटणे चकचकीत, आणि आत मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढी हिरवी पट्टी. मोबाइलवरचे गाणे त्यातून वाजे. ईएल ८४ ची जोडी, दोन्ही ट्रान्सफॉर्मर, चासी, सारे कोठे गेले म्हणून विचारले, तर ‘साहेब, अपग्रेड करून दिले, जुने भंगारात घातले’ असे उत्तर मिळाले. आणि त्या सेवेबद्दल घसघशीत पैसेही घेतले होते. त्या कारागिराला आम्ही दोष देतो, पण सगळा दोष त्याचा नाही. ज्या ग्राहकांनी त्याला हा शब्द शिकविला, ‘अपग्रेड’ म्हटले की प्रश्न विचारीत नाहीत हे ज्यांनी त्याला दाखवून दिले, त्यांचा वाटा मोठा आहे. तेलातला कंडेन्सर आणि हिरवी पट्टी ह्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण त्यांमागची बुद्धी एकाच जातीची आहे. दोघांनाही समोरच्या यंत्राशी कर्तव्य नसते. त्यांना त्याच्या पेटीत आपले काहीतरी बसवावयाचे असते.

तेव्हा यंत्र कोणाच्याही हाती देण्यापूर्वी त्याच्या पोटाची छायाचित्रे काढावीत, व्हॉल्व्हांवरचे आकडे लिहून घ्यावेत, आणि काढलेला प्रत्येक भाग परत मिळाला पाहिजे असे कागदावर मान्य करून घ्यावे. स्वतः काम करणाऱ्याने जुने कंडेन्सर आणि रेझिस्टर एका डब्यात, कोठून आणि कोणत्या तारखेस काढले ह्याच्या चिठ्ठीसह, ठेवावेत. सर्किटचा नकाशा दुमडून पेटीच्या आतल्या बाजूस डकवावा, आणि जे बदलले ते त्यावर तांबड्या शाईने लिहावे. पुढल्या बदलीच्या वेळी व्हॉल्व्ह खाचांतून उपटून, क्रमांक घालून, कापसात गुंडाळून हाती न्यावेत. ट्रकच्या हादऱ्यांनी त्यांची टोके सैल होतात आणि काचही जाते. ट्रान्सफॉर्मरचे वजन मोठे असते, म्हणून चासी ट्रान्सफॉर्मरची बाजू खाली करून, खाली जाड घोंगडी घालून ठेवावी, आणि तिच्यावर पुस्तकांची पेटी ठेवू देऊ नये. हमाल ती नेमकी तेथेच ठेवतात.